पॉइंट आमचे, अधिभार त्यांचा

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या आष्ट्याहून विमानाला जायचे तर वाटा तीन. कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ तास-सव्वा तासावर, पुण्याचे लोहगाव महामार्गाने चारेक तासांवर, आणि परदेशी निघालेल्यांसाठी बहुधा मुंबई. वाळवा तालुक्यात विमानाने प्रवास केलेली माणसे एके काळी बोटांवर मोजता येत. आता कुणाची मुलगी बंगळूरला नोकरीला असते, कुणाचा मुलगा जर्मनीत शिकायला. शेजारच्या खानापूर-आटपाडी-तासगाव पट्ट्यातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत देशभर पसरलेले आहेत आणि गावच्या जत्रेला, लग्नाकार्याला दोन-तीन दिवसांची सवड काढून विमानाने येतात. उसाच्या बिलावर मुलांची शिक्षणे केलेली, सत्तरीला आलेली जोडपी नातवंडाचे बारसे करायला न्यू जर्सी किंवा लंडनला जातात.

या सगळ्या प्रवासाबरोबर घराघरात एक नवी पुंजी साठू लागली आहे, ती म्हणजे पॉइंट. विमान कंपनीच्या सदस्यत्वाचे पॉइंट, क्रेडिट कार्डाचे पॉइंट, कार्डावरून कंपनीच्या खात्यात वळवलेले पॉइंट. आणि या पुंजीचा सर्वांत मोलाचा उपयोग बहुतेकांच्या मनात एकच असतो. आई-वडिलांना गुडघे दुमडून सोळा तास बसावे लागू नये, त्यांना पाठ टेकून झोपता यावे, म्हणून इकॉनॉमीचे तिकीट पॉइंट देऊन बिझनेस वर्गात चढवायचे. मुलगा पॉइंट मोजतो, पुरेसे आहेत म्हणून समाधानाने शेवटच्या पडद्यापर्यंत येतो, आणि तिथे पॉइंटांच्या आकड्याखाली रुपयांचा आकडा उभा असतो. ‘कर, शुल्क आणि कंपनीचे अधिभार’ असे त्याचे नाव. कधी तो दोन-चार हजारांचा असतो, कधी वीस-पंचवीस हजारांच्या घरात.

हा आकडा कशाचा बनलेला असतो, तो घेण्यामागे कंपन्यांचे काय गणित आहे, जगात त्यावर काय वाद झाले आणि आपल्याकडे नियम काय म्हणतो, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. सरकारचा कर आणि विमानतळाचे शुल्क पॉइंटवाल्या प्रवाशानेही भरावे, त्याबद्दल तक्रार असू नये. पण कंपनीने स्वतः ठरवलेला, स्वतःच्या खिशात जाणारा अधिभार हा भाड्याचाच भाग आहे. जे भाडे पॉइंटांनी फेडले, त्याचाच एक तुकडा बाजूला काढून पुन्हा रोखीने मागणे अन्यायाचे आहे.

त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या हातांत जाणारे पैसे एकत्र मिसळलेले असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय वाद नीट घालता येत नाही.

पहिला हात सरकारचा. भारतात इकॉनॉमीच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या वर्गांवर तो 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. प्रीमियम इकॉनॉमीही या वरच्या दरात येते. म्हणजे वर्ग बदलला की कराचा दरही बदलतो. तिकिटावर हा कर ‘के3’ या खुणेने दिसतो. ब्रिटनमध्ये फरक याहून ठसठशीत आहे. तिथून निघणाऱ्या प्रवाशाला ‘एअर पॅसेंजर ड्युटी’ भरावी लागते आणि तिचा दर अंतरावर व वर्गावर ठरतो. 2025-26 या वर्षात लंडनहून भारताला येणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला 90 पौंड, तर वरच्या वर्गाच्या प्रवाशाला 216 पौंड. लंडनहून परतीच्या प्रवासात आईला बिझनेस वर्गात बसवायचे ठरवले, तर नुसत्या या एका करापोटी 126 पौंड, म्हणजे चौदा हजार रुपयांच्या आसपास, जास्त जातात. ते ब्रिटिश सरकारच्या तिजोरीत जातात, कंपनीला त्यातला पैसा मिळत नाही. मुंबईहून जाताना हा कर नाही. म्हणून ज्यांना एकाच बाजूचे अपग्रेड परवडते, त्यांनी ते जाताना घ्यावे.

दुसरा हात विमानतळाचा. वापरकर्ता विकास शुल्क म्हणजे यूडीएफ, आणि सुरक्षा शुल्क. सुरक्षा शुल्क देशांतर्गत प्रवासाला 200 रुपये व आंतरराष्ट्रीय प्रवासाला 12 डॉलर आहे. तुम्ही कुठल्या खुर्चीत बसता यावर ते बदलत नाही. यूडीएफ मोठ्या विमानतळांसाठी विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. मुंबई-दिल्लीला 2025 पासून आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या बाबतीत त्यात इकॉनॉमी आणि बिझनेस असा भेद आला, पण तो शेकड्यांतला आहे, हजारांतला नाही.

याच रांगेत एक छोटा आकडा आहे आणि कोल्हापूरच्या प्रवाशाला त्याच्याविषयी आपुलकी वाटायला हवी. ‘उडान’ योजनेसाठी मोठ्या शहरांमधल्या फेऱ्यांवर सरकार आकार लावते. कंपन्या तो प्रवाशांकडून साधारण 50 रुपयांच्या हिशोबाने वसूल करतात. त्या निधीतून छोट्या विमानतळांच्या फेऱ्यांना तूट भरून मिळते. वर्षानुवर्षे रखडलेली कोल्हापूरची विमानसेवा 2018 मध्ये पुन्हा रुळावर आली ती याच योजनेच्या बळावर, आणि मार्च 2024 मध्ये तिथे नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले. मुंबई-दिल्ली करणाऱ्या अनोळखी माणसाच्या पन्नास रुपयांनी आष्ट्याच्या माणसाचा पुण्याचा हेलपाटा वाचला. वरून लागलेला प्रत्येक आकार लुबाडणुकीचाच असतो असे म्हणणे म्हणून चुकीचे आहे.

तिसरा हात खुद्द कंपनीचा, आणि खरा प्रश्न इथे आहे. तिकिटावर ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ अशी खूण असलेला आकडा दिसला, तर तो कंपनीने लावलेला अधिभार समजावा. पूर्वी त्याला सरळ ‘इंधन अधिभार’ म्हणत. आता बहुतेक कंपन्यांनी इंधनाचे नाव काढून ‘कंपनीने आकारलेले शुल्क’ अशी मोघम पाटी लावली आहे. तो करांच्या यादीत बसतो, करासारखाच दिसतो आणि वर्गानुसार चढत जातो. अपग्रेडच्या वेळी पॉइंटांशिवाय जी रोख मागितली जाते, तिचा मोठा वाटा पुष्कळदा दोन वर्गांच्या अधिभारांतला फरक असतो.

हा अधिभार आला कसा, ते पाहिले की त्याचा स्वभाव कळतो. 2004 च्या सुमारास तेल चढू लागले, तेव्हा कंपन्यांनी भाडे वाढवण्याऐवजी भाड्याशेजारी इंधनाची वेगळी ओळ लिहायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजचा पहिला अधिभार मे 2004 मधला, अडीच पौंडांचा. जुलै 2008 मध्ये कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते 40 डॉलरच्या खाली आले आणि जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्याही खाली. अधिभार मात्र त्या वेगाने उतरला नाही. कारण एव्हाना त्याचे इतर फायदे कंपन्यांच्या लक्षात आले होते.

हे फायदे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ट्रॅव्हल एजंटाचे कमिशन मूळ भाड्यावर मिळे, अधिभारावर नाही. भाडे गोठवून अधिभार वाढवला की एजंटाचा वाटा आपोआप घटतो. मोठ्या उद्योगांना करारानुसार मूळ भाड्यात सवलत द्यावी लागते, तीही अधिभाराला लागू होत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचे तिकीट आंतरराष्ट्रीय प्रवासात मूळ भाड्याच्या टक्केवारीने निघते. तिथेही कुठले पैसे कुठल्या ओळीत लिहिले याने फरक पडतो. आणि सगळ्यांत मोठा फायदा पॉइंटांचा. सदस्याला कंपनीने शब्द दिलेला असतो की इतक्या पॉइंटांत भाडे माफ. ते भाडेच आतून पोकळ केले आणि वजन अधिभारात हलवले, तर पॉइंटांचा तक्ता एका अक्षरानेही न बदलता पॉइंटांची किंमत उतरते. तक्ता बदलला असता तर बातमी झाली असती. अधिभार वाढला, तर तो करांच्या गर्दीत दिसतही नाही.

वाळवा तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. कारखाना टनाचा दर जाहीर करतो, पण हातात येणारी रक्कम तोडणी-वाहतूक वजा होऊन येते, म्हणून शेतकरी नुसता दर विचारत नाही, कपात किती आणि कशी ठरवली तेही विचारतो. इथल्या शेतकऱ्यांनी त्या हिशोबासाठी रस्त्यावर उतरून आंदोलने केली आहेत. विमानाच्या प्रवाशाने कपातीचा हिशोब अजून मागितलेला नाही.

माझ्या मताला आधार देणारी सर्वांत भक्कम गोष्ट मात्र बाहेरून आणावी लागत नाही. ती नियमांत आणि कंपन्यांच्याच अटींत आहे. जीएसटी लावताना मूळ भाडे आणि कंपनीचा अधिभार या दोहोंची बेरीज करून त्यावर कर लावला जातो. म्हणजे करखात्याच्या नजरेत अधिभार हा सेवेच्या किमतीचाच भाग. तिकीट रद्द केले तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम सांगतो की कंपनीने मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त रद्द शुल्क घेऊ नये, आणि सरकारी कर व विमानतळ शुल्क प्रवाशाला परत द्यावेत. इथेही अधिभार भाड्याच्या पंक्तीत बसला, करांच्या नाही. तिसरा दाखला अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा. अमेरिकन, युनायटेड आणि डेल्टा या आपल्या तिकिटांवर पॉइंट देताना मूळ भाडे आणि कंपनीने लावलेले अधिभार यांच्या बेरजेवर देतात, सरकारी कर मात्र वगळतात. कर भरताना भाडे, रद्द करताना भाडे, पॉइंट कमावतानाही भाडे. मग पॉइंट खर्च करण्याच्या वेळीच ते भाडे का नाही? या प्रश्नाला पटण्यासारखे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असेही नाही. इंधन हा विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च. आपल्याकडे विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्ये आपापला व्हॅट लावतात. महाराष्ट्रात मुंबई-पुणे परिसरात तो 25 टक्के होता, 2023 च्या अर्थसंकल्पात 18 टक्क्यांवर आणला गेला. इंधनाचे दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा पश्चिमेकडच्या फेऱ्यांना वळसा पडला आणि इंधन जास्त जळू लागले. तिकीट सहा महिने आधी विकलेले असते, तेलाचा भाव त्या दिवशीचा द्यावा लागतो. शिवाय बिझनेस वर्गातली एक खुर्ची इकॉनॉमीच्या दोन-तीन खुर्च्यांची जागा घेते, त्यामुळे तिच्या वाट्याचे इंधन जास्त धरणे हिशोबाला धरून आहे. हे सगळे मान्य. पण हा युक्तिवाद खरा असेल, तर तेल उतरल्यावर अधिभारही उतरला पाहिजे.

तसे होऊ शकते, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. जपानच्या जेएएल आणि एएनए या दोन्ही कंपन्यांचा इंधन अधिभार सिंगापूरच्या बाजारातल्या केरोसिनच्या सरासरी भावाशी बांधलेला आहे. दर दोन महिन्यांनी त्याचा तक्ता जाहीर होतो. एप्रिल 2016 मध्ये भाव ठरलेल्या पातळीखाली गेला, तेव्हा दोघींनी अधिभार शून्यावर आणला. पुढे भाव चढल्यावर पुन्हा लावला. फिलिपाइन्समध्ये तिथले नागरी विमान मंडळ इंधनाच्या भावानुसार पातळ्या ठरवते आणि कंपन्यांनी त्या पातळीतच राहायचे असते. आपल्याकडेही एक स्वच्छ उदाहरण घडले. इंडिगोने 6 ऑक्टोबर 2023 पासून अंतरानुसार 300 ते 1,000 रुपये इंधन आकार लावला, किती किलोमीटरला किती हे जाहीर केले, आणि इंधनाचे भाव उतरल्यावर 4 जानेवारी 2024 पासून तो मागे घेतला. तीन महिन्यांत लावला आणि काढलाही. अधिभार असा असावा. दहा-दहा वर्षे मुक्काम ठोकणाऱ्या रकमेला भाडेच म्हटले पाहिजे.

न्यायालये आणि नियामक यांच्यासमोर हा विषय अनेकदा गेला आहे, मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच दाराने. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांनी लांब पल्ल्याच्या प्रवासाचे इंधन अधिभार संगनमताने ठरवले, असे 2007 मध्ये उघड झाले. ब्रिटिश नियामकाने ब्रिटिश एअरवेजला 12.15 कोटी पौंडांचा दंड ठोठावला, तो पुढे 2012 मध्ये 5.85 कोटींवर आला. अमेरिकेने वेगळा 30 कोटी डॉलरचा दंड केला. व्हर्जिनने स्वतःहून माहिती दिल्याने ती सुटली. भारतात मालवाहतुकीवरच्या इंधन अधिभाराचे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेले. आयोगाने 2015 मध्ये जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना मिळून सुमारे 258 कोटींचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण आयोगाकडे परत आले, आणि मार्च 2018 मध्ये आयोगाने पुन्हा दोषी धरून सुमारे 54 कोटींचा दंड लावला. कार्गोचा अधिभार हा किमतीचाच घटक असून तो स्पर्धेने ठरला पाहिजे, संगनमताने नाही, असा त्याचा अर्थ.

पॉइंटांशी थेट भिडलेला खटला न्यूयॉर्कमधला. ब्रिटिश एअरवेजच्या सदस्यांनी तिथल्या संघीय न्यायालयात दावा लावला की पॉइंटांच्या तिकिटावर घेतलेला ‘इंधन अधिभार’ इंधनाच्या भावाशी सुसंगत नाही, म्हणून तो सदस्यत्वाच्या कराराचा भंग आहे. 2018 मध्ये तडजोड झाली आणि सदस्यांना रोख किंवा पॉइंट यांतून निवड करता आली. दरम्यान 2012 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने बजावले होते की इंधनाचे नाव घेऊन पैसे घ्याल, तर ते प्रत्यक्ष इंधनखर्चाशी जुळले पाहिजेत. परिणाम काय झाला? पुष्कळ कंपन्यांनी रक्कम ठेवली आणि नाव बदलले. ‘इंधन’ गेले, ‘कंपनीने आकारलेले शुल्क’ आले. खोट्या नावाला बंदी घातली की मोघम नाव येते, हा या प्रकरणातला धडा आपल्या नियामकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आता त्यात पर्यावरणाचीही भर पडली. लुफ्तान्साने 1 जानेवारी 2025 पासून युरोपातून सुटणाऱ्या प्रवासावर 1 ते 72 युरोंचा पर्यावरण अधिभार लावला आहे. हेतू योग्य असेल, पण जर्मनीत शिकणाऱ्या मुलाच्या तिकिटावर ओळ आणखी एक वाढली.

उलट बाजूने, दोन कंपन्यांनी हा अधिभार काढूनही पॉइंट योजना व्यवस्थित चालवून दाखवली. सिंगापूर एअरलाइन्सने मार्च 2017 मध्ये आपल्या विमानांच्या पॉइंट-तिकिटांवरचा इंधन अधिभार काढला. त्या बदल्यात काही ठिकाणी पॉइंट वाढवले, पण जे काही वाढवले ते तक्त्यात, उघड्यावर. एअर कॅनडाने नोव्हेंबर 2020 मध्ये एरोप्लान योजना नव्याने मांडताना पॉइंट-तिकिटांवरचे कंपनीचे अधिभार बंद केले. महाग करायचे तर पॉइंटांत करा, मला आधी कळू द्या, मी ठरवीन. एवढीच अपेक्षा इथे आहे.

अमेरिकी कंपन्यांच्या अपग्रेडमध्ये हेच रोखीचे प्रकरण वेगळ्या रूपात होते. अमेरिकन एअरलाइन्सचा अनेक वर्षांचा तक्ता असा, की स्वस्त इकॉनॉमी तिकीट परदेशी प्रवासात बिझनेसला चढवायचे तर एका बाजूला 25,000 मैल, म्हणजे तिथले पॉइंट, आणि वर 350 डॉलर. रक्कम मोठीच, पण ती पहिल्या ओळीत छापलेली असे. करांच्या यादीत लपवलेली नव्हती. मला तो प्रकार महाग असूनही जास्त प्रामाणिक वाटतो.

या सगळ्यामागे किती मोठा पैसा आहे, हे 2020 च्या टाळेबंदीत दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. विमानांपेक्षा पॉइंटांवर सावकारांचा विश्वास जास्त निघाला. कारण बँका कार्डधारकांना देण्यासाठी हे पॉइंट कंपनीकडून रोखीने विकत घेतात. तुमच्या खात्यात आलेला पॉइंट कंपनीने तुम्हाला बक्षीस दिलेला नसतो. कुणीतरी, बहुधा तुमच्या कार्डाच्या वार्षिक फीमधून आणि दुकानदाराच्या कमिशनमधून, त्याचे दाम आधीच मोजलेले असते. म्हणून ‘फुकट मिळते आहे ना, मग थोडी रोख दिली तर काय झाले’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांना पत्रे पाठवून या योजनांची माहिती मागवली, त्यात पॉइंटांची घसरती किंमत आणि छुपी शुल्के हेच मुद्दे होते.

आपल्याकडचे चित्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, तरी तिची पॉइंट योजना वेगळी कंपनी असल्याने नवे नाव घेऊन जगली. त्याआधी 2012 मध्ये किंगफिशर थांबली, तेव्हा तिच्या सदस्यांची पुंजी बुडाली. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे सदस्य एअर इंडियाच्या योजनेत आले आणि ती योजना आता ‘महाराजा क्लब’ नावाने चालते. एअर इंडियाने एप्रिल 2024 मध्येच अंतराऐवजी खर्चावर पॉइंट द्यायला सुरुवात केली होती. इंडिगोने नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाने बिझनेस वर्ग आणला आणि स्वतःची पॉइंट योजनाही सुरू केली. कोल्हापूरशी नाते असलेल्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरच्या एम्ब्रेअर 175 विमानांतही बारा खुर्च्या बिझनेस वर्गाच्या आहेत. अपग्रेडचा प्रश्न आता फक्त सातासमुद्रापार जाणाऱ्यांचा राहिलेला नाही. पुढच्या काही वर्षांत तो आपल्या रोजच्या मार्गांवर येईल, आणि म्हणून नियम आताच नीट झाले पाहिजेत.

भारतात 1994 पासून विमानभाडे कंपन्या स्वतः ठरवतात. सरकार अधिभाराची रक्कम ठरवत नाही आणि ठरवावी असे मलाही वाटत नाही. पण दाखवायचे कसे, हे सरकार ठरवू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. किमतीचा भाग आधी न सांगता पुढच्या पायऱ्यांवर उलगडत नेणे, हा त्यातलाच एक प्रकार. पॉइंटांचा आकडा ठळक दाखवून रोख शेवटच्या पडद्यावर काढणे त्यात बसते, असे माझे स्पष्ट मत आहे. डीजीसीएने एका वाक्याचा नियम करावा: जिथे पॉइंट दाखवाल तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत, रोख दाखवा आणि त्यातले कंपनीचे किती, सरकारचे किती, विमानतळाचे किती हे वेगळे लिहा. आणि रद्द शुल्काच्या नियमात ज्या अधिभाराला भाड्याबरोबर धरले आहे, त्याला पॉइंटांच्या व्यवहारातही भाडेच धरा.

नियम होईपर्यंत प्रवाशाने करायच्या गोष्टी आहेत. तिकीट काढण्याआधीच ते पॉइंटांवर चढवता येते का, हे विचारावे. सर्वांत स्वस्त भाड्याची तिकिटे बऱ्याच कंपन्या अपग्रेडला धरत नाहीत, आणि हे नंतर कळले की हळहळ होते. दुसरे, पॉइंटची किंमत रोख वजा करून काढावी. समजा दोन वर्गांच्या भाड्यात 60,000 रुपयांचा फरक आहे, अपग्रेडला 40,000 पॉइंट लागतात आणि वर 22,000 रुपये रोख आहेत. मग तुमच्या 40,000 पॉइंटांनी प्रत्यक्षात वाचवले 38,000 रुपये, म्हणजे पॉइंटला 95 पैसे. रोख नसती तर तोच पॉइंट दीड रुपयाचा झाला असता. 95 पैसे कमी वाटत असतील तर पॉइंट राखून ठेवावेत, किंवा कंपनी रोखीचे अपग्रेड लिलावात देत असेल तर तो भाव पाहावा. वडिलांच्या पाठीला झोपून जाणे गरजेचे असेल, तर 95 पैसेही चालतील. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण आकडा समोर ठेवून. तिसरे, पैसे भरण्यापूर्वीच्या पडद्याचे चित्र मोबाईलमध्ये जपून ठेवावे आणि तिकीट आल्यावर ‘वायक्यू’, ‘वायआर’समोरचा आकडा वाचावा. अपग्रेड मिळाले नाही किंवा रद्द केले, तर पॉइंटांबरोबर करही परत मागावेत.

पॉइंट साठवत बसू नयेत, हेही सांगितले पाहिजे. तक्ता एका रात्रीत बदलू शकतो, अटींत कंपनीने तो हक्क राखून ठेवलेलाच असतो. कार्डावरचे पॉइंट तिकीट ठरेपर्यंत कार्डावरच ठेवावेत, कारण एकदा कंपनीच्या खात्यात वळवले की बहुधा परत आणता येत नाहीत.

आणि आकडा चुकीचा वाटला तर गप्प बसू नये. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे, मग सरकारच्या ‘एअरसेवा’वर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 मोठी सोय देतो. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असो की दुबईला, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. आष्ट्याच्या माणसाला ती सांगलीत दाखल करता येते, ‘ई-जागृती’वरून घरबसल्याही करता येते, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.